भवानीचं गिऱ्हाईक

१२ जानेवारी, सोमवार

सकाळी १४८/९२.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तदाब रोज मोजायचा आणि वहीत लिहायचा. यंत्र माझ्या मुलीने, लिस्बेतने आणून दिलं. वही नातीची, माईतेची. पुढची दहा पानं तिच्या बेरजा-वजाबाक्यांनी भरलेली. नुसते आकडे लिहायचा मला कंटाळा येतो, आकडे तर मी दिवसभर तोंडाने करतेच. म्हणून आकड्याखाली दोन ओळी लिहीन म्हणते. वाचेल कोण? माझं अक्षर मलाच धड लागत नाही.

आज घरात गाडी घ्यायचं ठरलं. नवी कोरी, शून्य किलोमीटर. लिस्बेत सहा वर्षं दुसऱ्याची टॅक्सी चालवते आणि रोज अर्धी कमाई मालकाच्या हातावर ठेवते. आता तिकडे दहा तासांवरच्या सांताक्रूस शहरात बायकांनी बायकांसाठी टॅक्सीची कंपनी काढली आहे, तिच्यात तिला जागा मिळाली. अट एकच, गाडी स्वतःची आणि यंदाच्या सालची हवी, आणि वीस फेब्रुवारीच्या आत तिथे नेऊन दाखवायची. माईतेचं नावही तिथल्या शाळेत घातलं आहे. शाळा दोन फेब्रुवारीला उघडते, म्हणून दोघींना हा महिना संपायच्या आत निघायचं आहे. निम्मे पैसे तिचे, निम्मे माझे.

"भाव तू करायचास, आई," लिस्बेत म्हणाली. "मला नाही जमत. मी पहिल्याच आकड्याला मान डोलावते."

"बापावर गेलीस."

"आणि तू भाव करायला लागलीस की समोरचा माणूस घरी जाऊन बायकोशी भांडतो."

हे काही खोटं नाही. कांचा बाजारात बटाटे विकायला लागून मला तेहतीस वर्षं झाली. कोलोमीचे शेतकरी ट्रकवरून मला बघितलं की पोत्यावर जास्त वेळ बसून राहतात, खाली उतरत नाहीत. गाडी म्हणजे तरी काय, चाकं लावलेलं पोतं. काळजी कसली?

१४ जानेवारी, बुधवार

सकाळी १५०/९०. संध्याकाळी १४६/९०.

दुकान बंद करून गाड्यांच्या शोरूमला गेले. दारातल्या पोरीने माझा घोळदार झगा बघितला, टोपी बघितली, आणि विचारलं, "कोणाला भेटायचंय, आजी?"

"गाडीला," मी म्हटलं.

आत एक तिशीतला टायवाला धावत आला. मला वाटलं बाहेर काढतोय, तर हात जोडून म्हणाला, "बटाट्याच्या रांगेतल्या दोन्या बासिलिया ना? मी ग्रोव्हर. मिरचीच्या रांगेतल्या फ्लोरिंदाचा." दारात नुसती आजी होते, आत आले तर मानाची दोन्या झाले. आणि फ्लोरिंदाला कोण ओळखत नाही! तिच्याकडची मिरची आणि तिची जीभ, दोन्ही लांबूनच बरी. तिचा मुलगा असा मऊ निघाला याचं नवल वाटलं.

गाडी पांढरी, चार दारांची. बटाटे घेताना मी पोत्याच्या तळाशी हात घालते, वरचे चार गुळगुळीत सगळेच ठेवतात. तशी वाकून गाडीच्या पोटाखाली बघायला गेले तर ग्रोव्हर घाबरला. "दोन्या, गुडघे सांभाळा! तिथे काही नाही."

"काही नाही म्हणतोस म्हणून तर बघतेय."

भाव सोळा हजार नऊशे डॉलर. मी नुसती हसले.

"भाव कंपनीने ठरवलेला असतो, दोन्या. माझ्या हातात नाही."

"मग तू इथे कशाला बसलास? कंपनीला बोलाव, मी थांबते."

तोही हसला आणि दोनशे खाली आला. मी पंधरा हजार म्हटलं. त्याने छातीवर हात ठेवला. मीही ठेवला. छान चाललंय.

२० जानेवारी, मंगळवार

सकाळी १५६/९४.

मध्ये दोन ठिकाणी फिरून आले. एका दुकानात गाडी नाही, नुसती कागदावरची चित्रं. दुसऱ्यात भाव असा सांगितला की मी त्याला विचारलं, यात ड्रायव्हरचा पगार धरलाय का. परत ग्रोव्हरकडे गेले, या वेळी लिस्बेतला घेऊन.

लिस्बेत गाडीत बसली आणि तिने दोन्ही हात चाकावर ठेवले. आरशात बघून तिने मागच्या सीटवरच्या माईतेला विचारलं, "बाईसाहेब, कुठे जायचं?" माईते म्हणाली, "सांताक्रूस, आणि लवकर." ग्रोव्हर बघत होता. मी लिस्बेतला तिथल्या तिथे चिमटा काढला. घेणाऱ्याने वस्तूवर असं प्रेम दाखवायचं नसतं, भाव चढतो.

तो सोळा हजार दोनशेवर आला. वर गाडीतली पायपुसणी आणि पहिली टाकी भरून. लिस्बेत माझ्या कानात पुटपुटली, "आई, घेऊ या. एवढा खाली कोणी येत नाही."

"येतो. अजून त्याच्या कपाळावर घाम नाही आला."

घरी आल्यावर तिने पलंगाखालून मोठी पेटी काढली आणि माईतेचे हिवाळी कपडे बाजूला केले. सांताक्रूसला थंडी नसते म्हणे. मी म्हटलं, राहू देत, इथे आलीस की लागतील. ती म्हणाली, "वर्षातून दोनदा येऊ, तेवढ्यासाठी दोन स्वेटर पुरे." संध्याकाळी दाब १६४ निघाला. कॉफी जास्त झाली असेल.

२३ जानेवारी, शुक्रवार

१५८/९६.

हिशेब केला. दोनशे-तीनशे डॉलरसाठी ताणतेय असं लिस्बेतला वाटतं. पण हा प्रश्न डॉलरचा नाही. एकदा का लोकांना कळलं की बासिलिया मागेल तो भाव देते, की उद्या माझ्या दुकानावर कावळेसुद्धा भाव करतील. नाव मिळवायला तेहतीस वर्षं लागतात.

बटाटे महाग होणार, कोलोमीकडे पाऊस लांबला आहे.

२६ जानेवारी, सोमवार

सकाळी १५४/९२. संध्याकाळी १७१/१०४.

आज हुकमी डाव टाकला. सोमवारी सकाळी, त्यांचं शटर वर जातानाच दारात उभी राहिले. आठवड्याची पहिली सकाळ, पहिलं गिऱ्हाईक. भवानीच्या गिऱ्हाइकाला आमच्या बाजारात कोणी रिकाम्या हाताने धाडत नाही. नफा सुटला तरी चालेल, भवानी मोडायची नाही. पहिली नोट हातात आली की ती कपाळाला लावायची, छातीवर क्रूस काढायचा, मग दिवस सरळ जातो. ग्रोव्हर टाय लावत असला तरी मिरचीच्या पोत्यांवर वाढलेला पोर आहे, हे मला माहीत होतं.

मी खुर्चीत बसलेसुद्धा नाही. "पंधरा हजार पाचशे. हा माझा शेवटचा शब्द. भवानीची वेळ आहे, बघ बाबा."

त्याने माझ्याकडे बघितलं, आत साहेबाकडे गेला. काचेतून दिसत होतं, साहेब मान हलवतोय, हा हात जोडतोय. पाच मिनिटांनी बाहेर आला. कपाळावर घाम होता.

"पटलं, दोन्या. पंधरा पाचशे. माझ्या कमिशनमधून थोडं जातंय, जाऊ दे. करा भवानी." आणि त्याने हात पुढे केला.

मी त्या हाताकडे बघत राहिले. इतक्यात हो म्हणाला? मग गाडीत खोट असणार. कोणीतरी ठोकून परत आणून दिलेली असेल. किंवा मीच जास्त सांगितलं असेल, पंधरा म्हटलं असतं तर पंधरालाही दिली असती. डोक्यात एकदम गर्दी झाली.

"विचार करून सांगते," मी म्हटलं, आणि उठून आले. म्हणजे बसलेच नव्हते. चालू लागले.

आमच्यात गिऱ्हाइकालाही धर्म असतो. आपल्या तोंडचा भाव समोरच्याने मान्य केला, की घ्यायचं. त्यातून भवानीच्या वेळी फिरणं म्हणजे कोणाच्या चुलीत पाणी ओतणं. हे मला कोणी शिकवायला नको. मी स्वतः एकदा एका बाईला यासाठी चौकापर्यंत शिव्या देत गेले होते.

बाजारात दिवसभर माझं तराजूकडे लक्ष नव्हतं. दोन गिऱ्हाइकांना मी जास्त तोलून दिलं.

२८ जानेवारी, बुधवार

१६६/१००.

लिस्बेतला सांगितलं, ग्रोव्हर तयार झाला नाही. खोटं बोलले. अगदीच खोटंही नाही म्हणा, पंधरा हजाराला तर तो तयार नव्हताच.

ती म्हणाली, "मग सोळा दोनशेला घेऊन टाकू या. आज अठ्ठावीस तारीख आहे, आई."

"महिनाअखेर जवळ आली की हे लोक आपोआप पडतात. थांब की."

"माईतेची शाळा थांबणार आहे का?"

शाळेचं तिचं म्हणणं बरोबर आहे. पोरीचं नुकसान नको म्हणून मी दुपारी इथल्या शाळेत जाऊन तात्पुरतं नाव घालून आले. फळबाजाराच्या मागचीच शाळा, लिस्बेतही तिथेच शिकली. शाळेत गणवेश म्हणून घालतात तो लांब बाह्यांचा पांढरा एप्रनही घेतला. दुकानदाराने माप विचारलं तर दोन नंबर मोठा घेतला, दोन वर्षं तरी चालेल. लिस्बेतने एप्रन बघितला, खांद्याची शिवण बोटांनी मोजली आणि घडी घालून खुर्चीवर ठेवला. मला वाटलं होतं खूश होईल.

३१ जानेवारी, शनिवार

संध्याकाळी १७८/१०८. हात लावायलाच नको होता त्या यंत्राला.

दुपारी लिस्बेत माझ्यासाठी शेंगदाण्याचं सूप घेऊन दुकानावर आली होती. मी पोत्यावर बसून दोन घोट घेतले असतील, तोच फ्लोरिंदा आली. कमरेवर हात, हात कोपरापर्यंत मिरचीने लाल.

"बासिलिया, तू माझ्या पोराची भवानी मोडलीस!"

अख्खी रांग वळून बघायला लागली.

"हळू बोल," मी म्हटलं. "सूप सांडेल."

"सांडू दे! सोमवारपासून त्याच्या हातून एक गाडी गेली नाही. लोक येतात, दार उघडतात, दार लावतात, जातात. काल साहेब म्हणाला, पुढच्या महिन्यात बघू तुझं काय करायचं ते. पोरगं जेवत नाही माझं."

"माझ्यामुळे? महिनाअखेरीला लोकांकडे पैसे नसतात."

"पैशांचं मला सांगू नकोस. त्याने काय भाव सांगितला होता? सांग, ऐकू दे सगळ्यांना."

मी सुपात बघत होते. लिस्बेत माझ्याकडे बघत होती.

"पंधरा पाचशे!" फ्लोरिंदाने रांगेलाच सांगितलं. "हिनेच मागितले. हिच्याच तोंडचा आकडा! त्याने साहेबाच्या पाया पडून आणला, स्वतःचं कमिशन घातलं, हात पुढे केला. आणि ही बया म्हणते, विचार करून सांगते!"

पलीकडची कांदेवाली म्हणाली, "आई गं." एवढंच. पण ती कधीच कोणाबद्दल काही बोलत नाही.

मी म्हटलं, "इतक्या चटकन हो म्हणाला म्हणून मला शंका आली. गाडीत खोट..."

"गाडीत नाही खोट." फ्लोरिंदाचा आवाज एकदम खाली आला, आणि तो मला जास्त लागला. "स्वतःच्या भावाला पाठ दाखवणारी बाई भाव करायला आलेली नसते. तुला काय हवंय ते तुझं तू बघ, पण माझ्या लेकराच्या पोटावर पाय देऊन नको." आणि गेली.

लिस्बेतने भांडं उचललं. झाकण लावताना तिचे हात अगदी शांत होते. "सोमवारपासून तुला माहीत होतं."

"लिस्बेत, ऐक, पंधरालासुद्धा..."

"नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ना, आई? इथे नकटी बिचारी तयार होऊन बसलीये. विघ्नं सगळी तू आणतेयस."

२ फेब्रुवारी, सोमवार

दाब मोजला नाही.

माईतेला एप्रन घालून इथल्या शाळेत सोडलं. बाह्या तिच्या बोटांच्याही खाली येत होत्या. रस्त्यात तिने विचारलं, "आजी, ही तात्पुरती शाळा आहे ना? मग मी इथे मैत्रिणी करू की नको?"

मी म्हटलं, कर की, मैत्रिणी कधी जास्त होत नाहीत. ती विचारात पडली. म्हणाली, "एकच करते."

५ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी १७०/१०२.

आज लिस्बेत पोळ्या भाजता भाजता म्हणाली, "दहा तारखेच्या बसची तिकिटं काढतेय. माईतेचं आणि माझं."

"बसची? आणि गाडी?"

"गाडी राहिली. वीस तारीख गेली की कंपनीतली माझी जागा दुसरीला देतील. तिकडेही दुसऱ्याच्या टॅक्सी मिळतात भाड्याने. रात्रपाळीच्या स्वस्त असतात, त्यातली घेईन."

"परक्या गावात, परक्याची गाडी, रात्रीची? वेड लागलंय का?"

"मग काय करू?" ती वळली. तिच्या हातात उलथनं होतं, डोळे कोरडे होते. मला तिला रडताना बघायची सवय आहे, असं कोरडं बघायची नाही. "तुला वाटतं, गाडी नसली की मी जाणार नाही. आई, मी जाणारच आहे. फक्त गाडीत बसून जायचं की बसमध्ये, एवढंच तुझ्या हातात आहे."

मी म्हटलं, असं काही मला वाटत नाही, मी फक्त भाव बघत होते. ती म्हणाली, "बरं." आणि पोळी उलटवली.

दिवसभर दुकानावर बसले, पण बसवत नव्हतं. उठायची, पोती मोजायची, परत बसायची. सेरापिओ आठवला, लिस्बेतचा बाप. तोही ट्रक घेऊन सहा महिन्यांसाठी अर्जेंटिनाला गेला होता. तो ट्रक घेताना भाव मीच केला होता, आणि इतका चांगला केला होता की आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटले होते. लिस्बेत तेव्हा नऊ वर्षांची होती. सव्वीस वर्षं झाली, सहा महिने काही संपले नाहीत.

इतके दिवस या वहीत मी डॉलर लिहितेय, साहेब लिहितेय, खोट लिहितेय. माझं अक्षर कोणाला लागत नाही तर एकदा खरंच लिहून टाकते. मला ती जायला नको आहे. गाडी दारात आली की ती जाणार, म्हणून मला कुठलाच भाव पटत नव्हता. त्याने फुकट दिली असती तरी मी चाकं मोजत बसले असते.

आणि आता ती जाईलच, शिवाय रात्रीच्या भाड्याच्या गाडीत. हा माझा नफा.

९ फेब्रुवारी, सोमवार

आठ वाजायच्या आधी शोरूमच्या बंद शटरसमोर उभी होते. शटर उघडणाऱ्याने मला ओळखलं आणि आत जाऊन ग्रोव्हरला काहीतरी सांगितलं. तो लगेच बाहेर आला नाही. टाय होता, हसू नव्हतं.

"दोन्या, ती किंमत आता नाही," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "जानेवारीची सूट संपली. डॉलरही चढला. आता सतरा हजार तीनशे."

माझ्या भावापेक्षा अठराशे जास्त. पाटीवरच्या पहिल्या भावापेक्षाही चारशे वर. माझं तोंड आपोआप उघडलं. तेहतीस वर्षांची सवय, जीभ टाळ्याला लागलीसुद्धा. मग मिटलं.

"लिही," मी म्हटलं.

त्याला ऐकू आलं नसावं. "काय?"

"सतरा तीनशे. लिही कागदावर."

"भाव नाही करणार?" तो खुर्चीत बसला, परत उठला. "दोन्या, तब्येत बरी आहे ना? थोडं काही म्हणा तरी. मी निदान शंभर..."

"एक अक्षर बोलू नकोस. तू बोललास तर मी बोलेन, आणि मी बोलले तर आपण इथे ईस्टरपर्यंत बसू."

झग्याच्या आतल्या खिशातून विसाराच्या नोटा काढल्या. जास्तीचे सगळे माझ्या वाट्यातले, गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले. गुडघे थांबतील. पहिली नोट मी त्याच्या हातात ठेवली आणि धरून ठेवली, तो समजेपर्यंत. मग त्याने ती कपाळाला लावली. छातीवर क्रूस काढला, टायवरूनच. दारातली पोरगी बघत होती. त्याचे डोळे ओले झाले होते की माझे, ठरवता येत नव्हतं.

निघताना तो म्हणाला, "पायपुसणी वर देतो, दोन्या. तुम्ही मागितली नाहीत तरी."

लिस्बेतला संध्याकाळी खरा आकडा सांगितला. ती पाण्याचा तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिली. "सतरा तीनशे? तू? न बोलता?"

"न बोलता."

ती हसायला लागली. हसता हसता जमिनीवर बसली, तांब्या कलंडला, मग ती रडायला लागली. माईतेने विचारलं, काय झालं. मी सांगितलं, तुझ्या आईला भाव आवडला नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

लिस्बेतने बसची तिकिटं परत केली. खिडकीवरच्या माणसाने दहा टक्के कापले. ती काही न बोलता घेऊन आली. पोर खरंच बापावर गेली आहे. मी जाऊन पाच टक्क्यांवर आणले.

१७ फेब्रुवारी, कार्निव्हलचा मंगळवार

१४४/८८. कागद आले, नंबरची पाटी आली, गाडी दारात आली. आज घरं, दुकानं, गाड्या सगळ्यांना चिच्याचा, म्हणजे मक्याच्या दारूचा, आणि बियरचा शिडकावा. पांढऱ्या गाडीवर माईतेने इतके रंगीत कागद आणि झिरमिळ्या लावल्या की पाटी दिसेना. चारी चाकांवर बियर ओतली, टपावर पाकळ्या उधळल्या. मी पहिला घोट धरणीमातेला दिला आणि म्हटलं, हिला सांभाळ. हिला म्हणजे गाडीला की पोरीला, ते तिचं तिला कळलं असेल.

ग्रोव्हर आला होता. या आठवड्यात त्याच्या तीन गाड्या गेल्या. फ्लोरिंदा आली नाही, पण त्याच्या हातून उधळायच्या कागदी चुऱ्याची पिशवी पाठवली होती. चुऱ्यात मिरचीची पूड मिसळलेली निघाली. चुकून की मुद्दाम, देव जाणे. आम्ही सगळे शिंकत होतो.

"रविवारी निघा," मी लिस्बेतला म्हटलं. "सण तरी पूर्ण होऊ दे."

"वीसला गाडी दाखवायचीय."

"मग परवा."

"उद्या, आई."

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

सकाळी चर्चमध्ये जाऊन तिघींनी कपाळाला राख लावून घेतली. मग लिस्बेतने पेटी मागे ठेवली, माईते चढली. एप्रनही घेतला. तिकडच्या शाळेतही पांढराच लागतो म्हणे.

मी म्हटलं, "साकाबाच्या टोलनाक्यापर्यंत येते. तिथून परत यायला गाड्या मिळतात."

पुढच्या सीटवर बसले. नव्या गाडीला कसला तरी गोड वास येतो. माईते मागून मान पुढे काढून किलोमीटरचा आकडा मोठ्याने वाचत होती. टोलनाका तेरावर आला.

"कोलोमीपर्यंत येते की. तसंही मला बटाटे बघायचे आहेत."

"राखेच्या बुधवारी?"

"बटाट्यांना सण नसतो."

लिस्बेतने माझ्याकडे बघितलं आणि गाडी पुढे घेतली. चढ लागला, धुकं लागलं. तिने दिवे लावले. चालवते चांगली. वळणावर घाई करत नाही, मागच्याने भोंगा वाजवला तरी आपल्याच चालीने जाते. सहा वर्षं ती हे करत होती आणि मी तिच्या शेजारी एकदाही बसले नव्हते. माईतेने पन्नास म्हटलं आणि कोलोमी आलं. लिस्बेतने चौकाच्या कडेला गाडी उभी केली.

"व्हिया तुनारीपर्यंत," मी म्हटलं. "तिथे मासे चांगले मिळतात. दुपारचं जेवू, पैसे मी देते, मग परतते."

"तिथे म्हणशील, पुढच्या पुलापर्यंत."

"नाही म्हणणार."

"आई, मी तुझ्याच दुकानावर वाढलेय."

"बरं, मग पुलापर्यंतच. मासे नकोत."

तिला हसू आलं, पण तिने हातब्रेक ओढला. "कोलोमी," ती म्हणाली. "हा शेवटचा भाव."

मी कोणाचाही शेवटचा भाव पहिल्या झटक्यात ऐकलेला नाही. अशा वेळी आम्ही काय करतो, तर पाठ फिरवतो आणि चालायला लागतो. दहा पावलं जायच्या आत मागून हाक येते. मी दार उघडलं, माईतेचा मुका घेतला, आणि चालू लागले. पोत्यांच्या राशींच्या दिशेने, सावकाश. दहा पावलं झाली. पंधरा झाली. गुडघा दुखत होता.

हाक आली नाही. मी वळून बघितलं. लिस्बेत गाडीबाहेर येऊन उभी होती, दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तिने एकदा जरी "आई" म्हटलं असतं, तर मी सांताक्रूसपर्यंत गेले असते आणि तिथून परत आले नसते. हे तिला माझ्यापेक्षा आधी कळलं होतं.

मी परत गेले. तिचे हात तोंडावरून काढले, शालीच्या टोकाने तिचं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं. सौदा पटला की पोतं गिऱ्हाइकाच्या पाठीवर चढवताना आम्ही एकच शब्द म्हणतो. तो माझ्या तोंडून आपोआप निघाला.

"जा," म्हटलं. "दिली."

गाडी वळणाआड गेली. मी तिथेच पोत्यावर बसून खूप रडले. बटाटेवाला जवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दोन्या बासिलिया, अजून तर मी भावही सांगितला नाही."